दहा वर्षांची बोली

धाऊ कुणालाही एका वर्षापुढचा शब्द देत नसे. शेणवे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी जी लहानशी वाडी आहे, तिथे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून त्याची टिंगलही चालायची. गडी ठेवायचा तर अखितीपासून अखितीपर्यंत. गुराखी, न्हावी, सुतार, सगळ्यांशी बोली तशीच. आता ही वाडीचीच रीत, त्यात नवल काही नाही. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुने शब्द सुटतात आणि नवे बांधले जातात, असं तिथे आजा-पणज्यापासून चालत आलंय. पण बाकीचे लोक त्या दिवशी जुन्याच गड्याला 'चालू दे' म्हणून मोकळे होत. धाऊ मात्र दरसाल नव्याने घासाघीस करायला बसे. साईनाथच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या मुलाच्या लग्नात त्याने बँडवाल्यांशी वेशीपर्यंतच वाजवायची बोली केली होती. वेस आली, बँड थांबला, आणि वरात पुढे मुक्यानेच मांडवात शिरली. वऱ्हाडी अजून ते सांगून हसतात. धाऊला त्यात वावगं काही वाटलं नाही. ठरलं होतं तेवढं वाजलं होतं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणाचं काही बुडवलं नाही, कुणाच्या बांधावर नांगर घातला नाही. फक्त पुढचं बोलायची त्याला भीती वाटे. दोन भावंडं लहानपणी गेली, बाप भर आवणीत, भाताची रोपं लावताना, चिखलात कोसळला तो उठलाच नाही, तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं होतं की लांबचं बोललं की कुणीतरी ते ऐकतं. कोण ऐकतं ते त्याला सांगता आलं नसतं.

त्याची बायको चंद्रकला मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढताना गाणं म्हणायची म्हणे. पुढे तिचं सगळं आयुष्य एका बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे गेलं. ओली लाकडं, गोवऱ्या, फुंकणी आणि धूर. गाणं कधी बंद झालं ते धाऊच्या लक्षात आलं नाही. खोकला सुरू झाला तो मात्र आला, कारण त्याची झोपमोड व्हायला लागली.

शहाण्णव सालच्या होळीनंतर तो तिला शहापूरला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिची छाती तपासली, फोटो काढायला लावला, आणि मग तिला बाहेर बसवून धाऊला आत बोलावलं.

"फुफ्फुसं धुराने खराब झालीत," ते म्हणाले. "चूल बंद करा. नाही केलीत, तर वर्षभर तरी काढतील की नाही, सांगता येत नाही."

धाऊने त्यातलं एकच ऐकलं. वर्ष. 'चूल बंद केली नाही तर' हा भाग त्याच्या कानावर पडला, पण आत उतरला नाही. जीपमधून परत येताना चंद्रकलाने विचारलं, "काय बोलले डॉक्टर?"

"धुरापासून लांब राव बोलले."

"मग जेवान कोन करील? डॉक्टर येनार काय?" ती हसली आणि हसता हसता खोकत राहिली. जीपमधल्या बायांनी तोंडं फिरवली.

सिलिंडरसाठी शहापूरला नंबर लावून ठेवला होता, पण त्या काळी नंबर लागायला माणसाला म्हातारं व्हावं लागे. तेवढ्यात सुनिलचं निघालं. सुनिल वाडीतलाच, तिशीतला, हुशार. खालच्या अंगाला त्याची पाण्याची जमीन होती, उन्हाळ्यात भेंडी करून टेंपोने कल्याणला पाठवायचा. मुरबाडला कुणाकडे तरी पाहून आला आणि त्याने घरामागे गोबरगॅसची भली मोठी टाकी बांधली. त्याला हवी होती टाकीतून निघणारी मळी, भेंडीला घालायला. गॅस त्याच्या एका घराला पुरून उरत होता आणि शेण मात्र घरच्या गुरांचं पुरत नव्हतं. म्हणून त्याने वाडीत सांगितलं, की तीन घरांना नळी टाकून देतो. पैसा नको, शेण द्या.

अखितीच्या सकाळी तो धाऊच्या ओट्यावर आला. बोली ओट्यावरच व्हायची, मोठ्याने, म्हणजे दारात उभ्या असलेल्या घरच्या बाईलाही ऐकू जाईल. मग अडकित्त्याने सुपारी फोडायची, अर्धी अर्धी तोंडात टाकायची, की शब्द पक्का. चंद्रकला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"काका, दोन परकार हायेत," सुनिल म्हणाला. "एक वरसाची बोली केलीत तर रोज दोन पाट्या शेन. पुढल्या अखितीला काय ते नव्यानं बोलू, तवा भाव वाढंल, नायतर नळीच नसंल, माझा शब्द नाय. धा वरसांची केलीत तर रोज तीन पाट्या. पन मग धा वरसं शेनाचा एक गोळा वाढवनार नाय, आनि तुमची नळी कुनी काढनार नाय."

धाऊने डोळे मिटून हिशेब केला. गोठ्यात दोन बैल, म्हैस, गाय आणि तिची कालवड. सगळी मिळून पाच पाट्या शेण. त्यातलं राबाला लागायचं. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला आणि गवत अंथरून भाजतात, तो राब. राब नीट भाजला नाही तर रोपं पिवळी पडतात आणि वर्षाचं भात जातं. तिसरी पाटी गेली की राबाच्या तोंडचं शेण गेलं. हे कारण खरं होतं. कुणीही शेतकऱ्याने मान डोलावली असती.

पण त्याच्या मागे दुसरं एक कारण होतं आणि ते धाऊलाही ठाऊक होतं. डॉक्टर 'वर्ष' म्हणाले होते. ती एक वर्षाची सोबती असेल, तर घर दहा वर्षं कशाला अडकवायचं? असा विचार त्याच्या मनात आला. सरळ आला, लाजला नाही. विस्तवाची बोली त्याने गड्याच्या बोलीसारखी केली.

"एक वरीस," धाऊ म्हणाला.

सुनिलने एकदा दाराकडे पाहिलं. "काकीला धुराचा तरास हाय म्हनून बोललो, काका. इचार करा."

"केला इचार. फोड सुपारी."

सुनिल गेल्यावर चंद्रकला ओट्यावर आली आणि खाली बसली. तिला सगळं माहीत होतं. डॉक्टरांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येत होता, हे धाऊच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माजं एकच वरीस धरलंत काय तुमी?" तिने विचारलं.

"खुळी झालीस काय? राबाला शेन नको?"

तिने मान हलवली, उठली आणि आत गेली. या विषयावर ती पुन्हा एक अक्षर बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

गॅस आला. निळा, बिनआवाजाचा जाळ. पहिले काही दिवस ती त्याच्यापासून हातभर लांब बसून भात शिजवायची. मग सरावली. भिंतींवरची काजळी तिने खरवडून काढली आणि पांढरी माती लावली. आवणी झाली, गौरी-गणपती आले, आणि तिचा खोकला हळूहळू कमी झाला. दिवाळीत ती शेणव्याच्या बाजाराला चालत जाऊन आली. धाऊला वाटलं, डॉक्टर काहीबाही बोलतात झालं.

पण घरात दुसरंच काही चाललं होतं आणि ते त्याला फार उशिरा दिसलं. दरसाल ती परसात हळद लावायची. त्या साली लावली नाही. हळद निघेपर्यंत कोण वाट बघणार, असं शेजारच्या राहीला म्हणाली. लोणचं मोठ्या बरणीऐवजी लहान बरणीत घातलं. माघात पापड लाटले ते मूठभर. राहीकडून कधीकाळी आणलेली परात घासूनपुसून परत केली, आणि राही 'असू दे गो, राव दे तुझ्याकडं' म्हणाली तरी ऐकलं नाही. साईनाथ आसनगावला खोली घेऊन राहायचा, तिथून कंपनीत कामाला जायचा. त्याची बायको शिमग्याला आली तेव्हा चंद्रकलाने आपली नथ तिच्या हातात ठेवली.

"आत्ता कशाला, आत्या?"

"मग कवा?" चंद्रकला म्हणाली. अगदी साध्या आवाजात, जसं भाताला पाणी घाल म्हणावं.

धाऊ ओट्यावरून ऐकत होता. लोणच्याची बरणी, पापड, हळद, परात, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ती अखितीपर्यंतचीच तयारी करत होती. त्याने बोली केली होती आणि ती बोलीप्रमाणे राहत होती. आत जावं, तिला म्हणावं, मी चुकलो, असं त्याला फार वाटलं. पण तसं म्हणायचं तर काय धरून चाललो होतो तेही म्हणावं लागलं असतं. तो उठून गुरांकडे गेला.

चैत्र सरता सरता तिने माळ्यावरची पितळेची भांडी काढली, चिंचेने लख्ख घासली आणि पालथी घालून ठेवली. पाहुणे यायचे असले की घासतात तशी. बाई चांगली चालती-फिरती होती, रंग उजळला होता, दोन घास जास्तच जेवत होती. तरी धाऊ रोज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या आधी तिचा श्वास ऐकायचा.

अखिती आली. धाऊ सकाळपासून ओट्यावर सुपारी घेऊन बसला. या वेळी तीन पाट्या म्हणायच्या, दहा वर्षं म्हणायची, आणि मोठ्याने म्हणायची, हे त्याने ठरवून ठेवलं होतं. ऊन डोक्यावर आलं, कललं. सुनिल आला नाही. शेवटी धाऊच त्याच्या घरी गेला.

"काका, मी येनारच होतो, पन तोंड व्हत नव्हतं," सुनिल म्हणाला. "तुमची बोली आज सरली. राहीच्या घरानं धा वरसांची मागितली. तीनच नळ्या निघतात ह्या टाकीच्या. बाकीचे दोगं धा वरसवाले, त्यानला हात लावता येत नाय. मी राहीच्या नवऱ्याला शब्द दिला."

"मला इचारायचं तरी."

"गेल्या साली इचारलं नव्हतं काय? काकीसमोर इचारलं."

शब्द सुपारी फोडून झालेला. तो मोडायला सांगणं धाऊला कधीच जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी सुनिलच्या माणसाने नळी काढली आणि भिंतीपलीकडे राहीच्या स्वयंपाकघरात नेली. चंद्रकला बघत उभी होती.

"वरीस झालं," ती म्हणाली आणि चुलीतली जुनी राख काढायला बसली.

त्या साली पाऊस लागला तो उघडायचं नावच घेईना. लाकडं ओली, गोवऱ्या ओल्या. धूर कौलांतून वर जायचा तो घरातच खाली बसायचा. राही रोज म्हणायची, "तुझी भाकर माझ्याकडं टाक गो." चंद्रकला थोडे दिवस गेली, मग गेली नाही. आपली नळी दुसऱ्याच्या घरात बघत भाकरी थापायला मन घट्ट करावं लागतं. मग धाऊनेच चूल धरली. वाडीतल्या पुरुषाने चुलीपुढे बसणं म्हणजे हसंच. पोरंटोरं दारातून डोकावून जायची, कुणी 'धाऊबाय, काय शिजतंय?' म्हणून विचारायचं. तो तिला ओट्यावर बसवायचा आणि दार ओढून घ्यायचा. पण एवढ्याशा घरात धुराला दार कसलं अडवतंय! तो बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल झालेले असायचे, आणि ती ओट्यावर भिंतीला धरून, वाकून खोकत असायची.

घट बसले तेव्हा तिला विहिरीपर्यंत जाणं होईना. दिवाळी झाली आणि धाऊ सुनिलकडे गेला. बसला नाही.

"नवी नळी पायजे."

"नवी टाकी बांधावी लागंल, काका. खर्च माझा, पन तेवढं शेन कोन देनार? रोज पाच पाट्या लागतील. आनि ह्या बारीला एक वरसाचं बोलू नका, टाकी एका वरसासाठी बांधत नाय कुनी."

"पाच पाट्या. धा वरसं," धाऊ म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने घासाघीस केली नाही.

"समदं शेन माझ्याकडं आलं तर राब कशावर भाजनार?"

"ते माझं मी बघीन. पन बोली माझ्या ओट्यावर व्हयाला पायजे. आत्ताच चल."

चंद्रकला आत घोंगडीवर पडली होती. धाऊने दार सताड उघडलं, सुनिलला ओट्यावर बसवलं आणि सगळी वाडी ऐकेल एवढ्या आवाजात ओरडला, "धा वरसं! येत्या अखितीपासनं धा वरसं! मधले म्हयने वर!"

आतून क्षीण आवाज आला. "एवढं वरडताय कशाला? ऐकू येतंय मला."

सुपारी सुनिलने फोडली.

माघात नवी टाकी भरली आणि जाळ पुन्हा पेटला. चंद्रकला भिंतीला टेकून बसायची आणि धाऊला सांगायची, हे घाल, ते ढवळ. उन्हाळ्यात तिने मोठी बरणी काढायला लावली आणि कैऱ्या आणवल्या. परसात हळद लावून घेतली. स्वतः लावता आली नाही, पण शेजारी बसून प्रत्येक गड्डा कुठे पुरायचा ते दाखवलं. धाऊ घामाघूम होऊन माती ओढत होता आणि त्याला इतकं बरं वाटत होतं, की आपण मोठ्याने बोललो ते या वेळी ऐकणाऱ्याने नीट ऐकलं असं त्याने धरूनच टाकलं. राब शेणाविना भाजला, रोपं पिवळी आली, भात निम्म्यावर आलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

पण छाती बोलीने भरून येत नाही. जे जायचं ते त्या ओल्या चुलीपुढेच गेलं होतं. ती आणखी एक पावसाळा राहिली, दुसऱ्यातल्या श्रावणात गेली. दुपारची वेळ होती, जाळावर भात होता. धाऊ तिच्याशी काहीतरी बोलत होता, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आपण एकटेच बोलतोय.

तेराव्याला सगळे उठून गेल्यावर सुनिल मागे थांबला.

"काका, शेन आता नका आनू. बोलीतनं मोकळं केलं मी तुमाला. मला काय राग नाय."

"तू कोन मोकळं करनार?" धाऊ म्हणाला. त्याचा आवाज असा होता, की सुनिलने पुन्हा विषय काढला नाही.

पुढची वर्षं वाडीने हे पाहिलं. लोकांनी बैल विकून भाड्याने ट्रॅक्टर आणले, गोठे मोडून तिथे मोटारसायकली लावल्या, घरोघर सिलिंडर आले. राहीच्या घरानेही सुनिलला सांगून नळी बंद केली. शेण काढणार कोण? सुनिलनेच भेंडीला पोत्यातलं खत घालायला सुरुवात केली. धाऊची म्हैस मेली, एक बैल साप चावून गेला. पाच पाट्या भरेनात. मग तो पाटी घेऊन रानात, गायरानात, शेणव्याच्या रस्त्यापर्यंत हिंडायला लागला, जिथे कुणाच्या गुरांचं शेण पडलेलं दिसेल तिथे वाकायला लागला. आधी लोक हसले. मग हसेनासे झाले. संध्याकाळी तो पाटी घेऊन समोरून येताना दिसला, की बाया पोरांना घरात घेत. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, पण भीती वाटायची खरी.

दोन हजार चार साली साईनाथ बापाला न्यायला आला. येताना त्याने शहापूरहून सिलिंडर आणि शेगडी आणली, बाप नाहीच आला तर निदान हे राहील म्हणून. आत गेला आणि थबकला. निळा जाळ मोठा करून ठेवलेला होता आणि त्यावर काहीच नव्हतं. भांडं नाही, तवा नाही. कोपऱ्यात धाऊ शिळी भाकरी आणि मीठ खात बसला होता.

साईनाथने पुढे होऊन जाळ बंद केला. धाऊने उठून पुन्हा पेटवला.

"बा, बस झालं आता. राहिलेली गुरं विकून टाक. आसनगावला चल, खोलीत जागा हाय, पोरांना पन आजा पायजे. इथं तुला काय झालं तर मला कळायला टाइम लागंल."

"बोली हाय माझी."

"कुनाशी? सुनिलला तर शेन नकोच हाय. मघाशी मला बोलला, तुझ्यापायी टाकी चालवतो, मळी नुसती खड्ड्यात टाकतो."

"टाकू दे."

"आई जाऊन पाच वरसं झाली, बा," साईनाथ म्हणाला. "कुनासाठी करतोस हे?"

धाऊने त्याच्याकडे पाहिलं. मुलगा एवढा मोठा झाला आणि त्याला एवढं साधं कळू नये, याचंच त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"तिची अजून चार वरसं बाकी हायेत," तो म्हणाला. "एकदा एका वरसावर सोडली तिला. आता सोडनार नाय."

मग त्याने भिंतीला लावलेली पाटी उचलली आणि तो शेण गोळा करायला बाहेर पडला.